तांब्याच्या पत्र्यावर चार हात

"अहो, वर काय बघताय? दार समोर आहे," शालन म्हणाली.

मी खांबाकडे बघत होतो. कुठल्याही घरी गेलो की माझी नजर आधी खांबावर जायची, मग घरात येणाऱ्या वायरवर, मग मीटरवर आणि सगळ्यात शेवटी माणसांवर. चौदा वर्षं भरारी पथकात काढली होती. वीजचोरी पकडणं हेच माझं पोट. लग्नात जेवायला बसलो तरी मांडवातल्या झुंबराची वायर कुठून आली ते आधी शोधायचो. "ह्यांना अक्षता नकोत, शिडी द्या," असं शालन चारचौघांत म्हणायची आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची.

म्हणजे पूर्वी हसायची. त्या वर्षी तिनं माझ्याकडे बघून हसणं सोडलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. फेब्रुवारी महिना, रविवार. साताऱ्याहून एसटीनं पाचवडला उतरलो, तिथून रिक्षानं आत आलो. उसाच्या फडाला लागून एकच बंगला होता. फाटकावर पाटी: 'समरस साधना केंद्र. पती-पत्नींसाठी तंत्रसाधना.'

तंत्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय येणार? काळं कोंबडं, टाचण्या टोचलेलं लिंबू आणि अमावास्या. आणि 'पती-पत्नींसाठी' वाचल्यावर जे आलं ते सांगण्यासारखं नाही. पण शालननं वर्षभरात पहिल्यांदा काही मागितलं होतं. "एक दिवस माझ्यासाठी काढा," म्हणाली होती. मी लगेच हो म्हटलं. तिला वाटलं असेल, बरा माणूस आहे.

मी बरा बिरा काही नव्हतो. मी धाडीवर आलो होतो.

कारण महिनाभरापूर्वी तांदळाच्या डब्यामागे मला एसटीची तिकिटं सापडली होती. सातारा-पाचवड, पाचवड-सातारा. सहा गुरुवारांची. गुरुवारी माझी फिरती असायची, पोरगा कराडला हॉस्टेलवर, घरात ती एकटी. तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात आधी विचारत नाहीत. विचारलं की माणूस रातोरात तारेवरचा आकडा काढून टाकतो आणि सकाळी आपल्यालाच चहा पाजतो. आपण गप्प राहायचं, बघायचं, एकेक पुरावा गोळा करायचा आणि मग एकदाच हात घालायचा.

पुरावे तर ढीगभर होते. दिवाळीनंतर तिनं आपलं अंथरूण पोराच्या खोलीत हलवलं. "माझ्यामुळे तुमची झोप मोडते," म्हणाली. बावीस वर्षांत नाही मोडली ती आत्ताच मोडायला लागली? चहाचा कप हातात देणं बंद. स्टीलचा ग्लास टेबलावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. वाणसामानाची यादी लिहायची तर अक्षर मुंगीएवढं, जणू कुणी वाचू नये. रस्त्यानं चालताना उजवा हात कायम पदराखाली. आणि तो चेहरा! मी काही बोललो, पोराचं काही सांगितलं, तरी दगडासारखा. कुठेतरी पाणी मुरत होतं. बायको माझ्या हातातून चालली होती, आणि ती कुणाकडे चालली आहे हे मला त्या दिवशी बघायचं होतं.

दार एका पन्नाशीच्या बाईनं उघडलं. सुती साडी, केस पिकलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"आलात? आणलंत ह्यांना?" ती शालनला म्हणाली आणि चक्क तिचा दंड धरून आत घेऊन गेली.

आणलंत. म्हणजे मला आणायचं ठरलेलं होतं तर.

ह्या उत्तराताई. आणि आतून आले ते त्यांचे यजमान, विश्वंभरजी. पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे म्हणे. उंच, गोरे, भगवी शाल, आवाज तुपातला. मी माणूस बघताच ओळखला. हाच.

"या मुळीकसाहेब. आपण विद्युत खात्यात, नाही का? आम्हीही ऊर्जेच्याच खात्यात," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

माझं खातं ह्याला कुणी सांगितलं? मीही दात दाखवले. धाडीवर असताना मी नेहमीच हसरा असतो.

हॉलमध्ये आमच्याखेरीज तीन जोडपी होती. खिडक्यांवर जाड लाल पडदे, भर सकाळी काळोख. जोडप्याजोडप्यात एक छोटा चौरंग, त्यावर तांब्याचा पत्रा, पत्र्यावर त्रिकोण कोरलेले. "हे यंत्र," विश्वंभरजी म्हणाले. प्रत्येक चौरंगाखाली लाल झिरोचा बल्ब होता, त्यामुळे पत्रा खालून उजळल्यासारखा दिसायचा. आणि बल्ब म्हटला की वायर आली. चारही वायरी गालिच्याखालून भिंतीकडे गेल्या होत्या. मी मांडी घालता घालता पायाच्या अंगठ्यानं चाचपून घेतलं. जोड उघडे, वर नुसती चिकटपट्टी.

"तंत्र म्हणजे जादूटोणा नव्हे," विश्वंभरजींनी सुरुवात केली. "शिवाशिवाय शक्ती नाही आणि शक्तीशिवाय शिव नाही. संसारात हा तोल गेला की घर आजारी पडतं. एका छपराखाली दोन माणसं राहतात, आणि एकमेकांना वर्षानुवर्षं बघत नाहीत. आज आपण काही करायचं नाही. फक्त बघायचं."

मागे बसलेले कोरेगावचे पोपटशेठ हळूच बायकोला म्हणाले, "एवढ्यासाठी दुकान बंद ठेवलं व्हय गं?" मला हा गडी आवडला.

मग आम्हाला समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. दहा मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. ती घेईल तेव्हा मी घ्यायचा, ती सोडेल तेव्हा मी सोडायचा.

मी बघितलं. पण कसं? समोर संशयित बसलाय असं बघितलं. ती माझ्याकडे टक लावून होती. पापणीसुद्धा नीट लवत नव्हती. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही, काही म्हणजे काही नाही. पोपटशेठची बायको तिकडे खुदुखुदू हसत होती, एक जोडपं रडायला लागलं होतं, आणि माझी बायको कोऱ्या कागदासारखी बसलेली. वाटलं, संपलं. हिच्या मनात माझ्यासाठी काही उरलेलंच नाही. बावीस वर्षं एका ताटात जेवलो आणि ही मला वाटेवरचा दगड बघावा तसं बघतेय.

तेवढ्यात उत्तराताई मागून आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाई नाही. दुपारी."

काय दुपारी? मी शालनकडे बघितलं, तिनं नजर खाली घातली.

जेवायला पिठलं-भाकरी होती. शालन म्हणाली, "मला उपास आहे." रविवारी कसला उपास? चतुर्थी नाही, एकादशी नाही. तिनं दोन्ही हातांनी धरून पेलाभर ताक घेतलं, तेही भिंतीकडे तोंड करून. मी अंगणात आलो. शालन आणि उत्तराताई तुळशीपाशी बोलत होत्या. मला बघितलं आणि गप्प झाल्या.

"काय चाललंय?" असं विचारायला किती लागतं? दोन शब्द. माझ्या जिभेवर आले होते. पण म्हटलं, नाही, आत्ता नाही. पुरावा हातात येऊ दे.

दुपारच्या बैठकीत हात होते. पत्र्यावर हात टेकवायचे. उजवा तळवा उपडा, डावा उताणा, म्हणजे तिचा उजवा हात माझ्या डाव्या तळव्यात आणि माझा उजवा तिच्या डाव्यात.

"हात सैल सोडा. ओझं समोरच्याच्या हातात टाका," विश्वंभरजी म्हणाले. "तंत्र सांगतं, देणं आणि घेणं एकाच वेळी चालतं. ऊर्जा आपोआप वाहील."

शालननं बराच वेळ हात पुढे केलेच नाहीत. पदराखाली उजवा हात, त्यावर डावा घट्ट दाबलेला. सगळ्यांचे हात पत्र्यावर आले, आमचेच तेवढे नाहीत. मला वाटलं, माझा हातसुद्धा नको झालाय हिला.

"शालन," मी म्हणालो. आवाज माझ्याच कानाला परका वाटला.

तिनं उत्तराताईंकडे बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि दोन्ही हात माझ्या हातांत ठेवले.

आणि मला ते लागलं. बारीक थरथर. डाव्या तळव्यात. थांबून थांबून नव्हे, एकसारखी, ठेक्यात.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अच्छा! ही ह्यांची ऊर्जा! पत्र्यात करंट सोडलाय. छोटा ट्रान्सफॉर्मर लावून चार-सहा व्होल्ट सोडले असणार, माणूस मरत नाही, नुसता झिणझिणतो आणि पायावर डोकं ठेवतो. उजव्या हाताला काही नाही, डाव्यालाच आहे, म्हणजे एकाच बाजूला वायर जोडलीय. इकडे पोपटशेठसुद्धा म्हणत होते, "जाणवतंय बरं का मला कायतरी." विश्वंभरजी तृप्त होऊन मान डोलवत होते.

आता खरं सांगतो. वीज अशी लागत नाही. तिची झिणझिण वेगळी असते, मुंग्या आल्यासारखी. ही थरथर सावकाश होती, मोजता आली असती. शिकाऊ वायरमनलासुद्धा फरक कळला असता. पण मला चोर हवा होता. चोर सापडला की बायको निर्दोष ठरणार होती, असा माझा हिशेब. ह्या भोंदूनं तिला करंट लावून नादी लावलंय, त्याचं पितळ उघडं पाडलं की ती माझ्याबरोबर घरी येईल, पूर्वीसारखी. म्हणून मी त्या थरथरीवर अक्षरशः खूष झालो होतो.

"लघवीला जाऊन येतो," मी म्हणालो.

"जा, साधनेत संकोच नको," विश्वंभरजी म्हणाले.

शालननं माझा हात किंचित धरल्यासारखा केला. मी सोडवून घेतला.

मीटर मागच्या पडवीत होता. खिशातला टेस्टर काढला आणि बघतो तर काय, आत पंखे चालू, मंत्रांचा टेप चालू, बल्ब चालू, आणि मीटरची चकती ढिम्म हलत नव्हती! वायर मीटरला बगल देऊन सरळ मेन स्विचात गेलेली. मी मनात म्हटलं, वा रे विश्वंभरा! ऊर्जेच्या खात्यातला माणूस सापडला आमच्या खात्याला. अंगात वारं शिरल्यासारखं झालं. चिनी मातीचा किटकॅट फ्यूज धरला आणि खेचून काढला.

आतला टेप एकदम बंद पडला. मी फ्यूज खिशात घातला आणि चाचपडत हॉलमध्ये परतलो. मिट्ट काळोख. कुणीतरी खोकत होतं. विश्वंभरजींचा आवाज आला, "कुणीही उठू नका. अंधार हीसुद्धा शक्तीच आहे. बसून राहा."

"बस बाबा, पाच मिनिटांत तुझी शक्ती दाखवतो," मी मनात म्हटलं. आधी खात्री करायची, मग हाक द्यायची. मी शालनच्या समोर बसलो, गुडघे टेकले, हात पुढे केले. तिचे हात तिथंच पत्र्यावर होते. मी ते उचलून माझ्या हातांत घेतले.

थरथर चालू होती.

मी पत्र्यावर बोट टेकवलं. थंड, मेलेला पत्रा. पुन्हा तिचा हात धरला. थरथर. तीच, त्याच ठेक्यात. मी तो हात पत्र्यापासून वर उचलला, माझ्या छातीशी आणला. तरीही चालूच.

"तुम्हीच फ्यूज काढलात ना?" शालन अंधारात म्हणाली. आवाज अगदी बारीक.

मी तिचा हात तसाच छातीशी धरून ठेवला.

"मला माहीत होतं तुम्ही काढणार. आता सांगा, हा करंट कुठून येतोय?"

तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत मावला होता आणि पिंजऱ्यातल्या चिमणीसारखा हलत होता. मी तो दाबून धरला. हलायचा थांबेना. आणखी दाबला.

"दाबून थांबत नाही," ती म्हणाली. "मी करून बघितलंय सगळं."

"कधीपासून?"

"गेल्या होळीपासून. आधी बोटं, मग मनगट. काम करताना एवढं नाही होत, हात मोकळा ठेवला की सुरू होतं. रात्री पलंग हलायचा. तुम्ही जागे व्हाल म्हणून तिकडे गेले. कप वाजायचा बशीवर."

"मला सांगितलं का नाहीस, शालन?"

"तुम्ही विचारलंत?"

बाजूला पोपटशेठ बायकोला म्हणत होते, "लाईट येऊ दे, नायतर चल आपलं घरी." मला ते फार लांबून ऐकू येत होतं.

"तुम्ही नुसतं बघत होता," ती म्हणाली. "मला कळत होतं हो. माझ्या याद्या उजेडाला धरून बघायचा. डबे हलवायचा. बावीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याबरोबर, तुम्ही धाडीच्या आधी कसे बघता ते मला माहीत नाही? मला भीती वाटायची. वाटायचं, हे पुढ्यात आलं तर तुम्ही पंचनामा कराल. कधी, कुठे, कशामुळे, कुणाकुणाला माहीत आहे. मला कुणीतरी आधी नुसता हात धरायला हवा होता."

हे लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हासुद्धा माझ्या मनात एक कोपरा होता तो विचारतच होता: आणि गुरुवार?

तिनं ते अंधारात ओळखलं.

"गुरुवारचं विचारणार नाही?"

"नाही."

"विचारा. आज तरी विचारा."

"गुरुवारी कुठे जात होतीस?"

"इथंच. उत्तराताईंकडे. त्यांचं पत्रक आलं होतं महिला मंडळात, म्हटलं साधनेनं हात थांबतो का बघावं. त्यांनी पहिल्याच दिवशी हात बघितला आणि म्हणाल्या, बाई, हे माझ्या हातातलं नाही, आधी डॉक्टर गाठा. मी म्हटलं, आधी घरी सांगायला हवं, आणि तेच जमत नाही. मग दर गुरुवारी तेवढंच शिकले. तुमच्या हातात हात कसा ठेवायचा तेवढंच."

मी तोंडात शर्टाची बाही धरून रडलो. बावन्न वर्षांचा घोडा, भरारी पथकाचा मुळीक, दुसऱ्याच्या गालिच्यावर बसून रडलो. ती हात सोडवून घेत नव्हती आणि मीही सोडत नव्हतो.

शेवटी उत्तराताई मेणबत्ती घेऊन आल्या. शालनला हळूच म्हणाल्या, "झालं सांगून?" मग माझ्यासमोर वाकल्या, "आता तो फ्यूज द्या. म्हाताऱ्या माणसांना उकडतंय."

मी खिशातून काढून दिला.

मंगळवारी आम्ही मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटांची चिमूट उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं. डॉक्टरांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "हे दुखण्याचं अक्षर आहे. पार्किन्सन्स." गोळ्या लिहिल्या, व्यायाम सांगितले. मी बाहेर पडताना, तिला ऐकू जाणार नाही असं बघून, विचारलं, "डॉक्टरसाहेब, ती हसत का नाही?"

"चेहऱ्याचे स्नायू आखडतात ह्यात," ते म्हणाले. "त्या हसत असतात हो. चेहऱ्यापर्यंत पोचत नाही."

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. वर्षभर ती माझ्याकडे बघून हसत होती आणि मी तिच्यावर पाळत ठेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला वळसासुद्धा मी भरारी पथकाच्या जीपमधून घातला होता.

विश्वंभरजींचा पंचनामा मात्र मी त्याच आठवड्यात केला. चोरी ती चोरी. उत्तराताईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करून मला म्हणाल्या, "बरं झालं. ह्यांचाही तोल बिघडलाच होता."

ह्या सगळ्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तंत्र खरं की खोटं, मला विचारू नका. शिव-शक्ती काय ते मला अजून कळत नाही. पण सकाळचा चहा झाला की आम्ही दहा मिनिटं समोरासमोर बसतो, गुडघ्याला गुडघा लावून, हातात हात. पत्रा नाही, उदबत्ती नाही. मी रोज विचारतो, "आज काय?" आणि ती सांगते. आता तिचा आवाज फार बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. हसू तर चेहऱ्यावर कधीच येत नाही. पण तिनं एक वाट काढलीय. हसू आलं की माझ्या तळव्यावर अंगठा दोनदा दाबते.

परवा असेच बसलो होतो आणि लाईट गेले. पंखा थांबला. जुनी खोड, मी लगेच उठायला लागलो.

"फ्यूज बघून येतो."

तिनं हात सोडला नाही. काहीतरी म्हणाली. मी कान तिच्या ओठांशी नेला.

"बसा. खांब कुठे पळून जात नाही."

आणि अंगठा दोनदा दाबला.